भारतातील शस्त्र परवाना कायदा आणि न्यायालयीन आव्हाने

भारतातील शस्त्र परवाना व्यवस्था ही शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांवर उभी आहे. या व्यवस्थेतील तरतुदींना आणि तिच्या अंतर्गत दिलेल्या आदेशांना नागरिकांनी वेळोवेळी उच्च न्यायालयांत व सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आहे. अमेरिकेत अशा खटल्यांचा मुख्य प्रश्न ‘शस्त्र बाळगण्याच्या हक्कावर राज्याला मर्यादा घालता येते का’ असा असतो. भारतात असा मूलभूत हक्क संविधानाने दिलेला नाही. त्यामुळे येथील बहुतेक खटल्यांत अधिकाऱ्याने परवाना कोणत्या कारणाने दिला, नाकारला किंवा काढून घेतला, याची तपासणी होते. कायद्याची तरतूदच घटनाबाह्य ठरल्याची उदाहरणे थोडी आहेत. कारण न देता काढलेले आदेश रद्द झाल्याची उदाहरणे मात्र पुष्कळ आहेत.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत पाचव्या क्रमांकावर ‘शस्त्रे, अग्निशस्त्रे, दारूगोळा व स्फोटके’ हा विषय आहे. म्हणून शस्त्रांविषयीचा मूळ कायदा संसद करते. परवाने देणे, नाकारणे, निलंबित करणे व रद्द करणे ही कामे मात्र राज्यांतील अधिकाऱ्यांकडे असतात. त्यामुळे कायदा देशभर एक असूनही त्याचा प्रत्यय जिल्ह्याजिल्ह्यांत वेगळा येतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१८७८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या काळात भारतीय शस्त्र कायदा संमत झाला. या कायद्यान्वये भारतीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास बंदी होती, तर युरोपीय रहिवाशांना नियमांद्वारे सूट होती. हा भेद राष्ट्रीय चळवळीतील नेत्यांना अपमानास्पद वाटत असे व कायद्यात बदल करण्याची मागणी काँग्रेसच्या व्यासपीठावरून वारंवार होत असे. मार्च १९३१ मधील काँग्रेसच्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचाही समावेश होता.

वसाहतकाळातील शस्त्रबंदीचा इतिहास नाशिकशी निगडित आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. यासाठी वापरलेले ब्राउनिंग पिस्तूल विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून गुप्तपणे पाठवलेल्या पिस्तुलांपैकी होते. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. परकीय सत्तेच्या दृष्टीने शस्त्र कायदा हा राज्य टिकवण्याचे साधन होता. स्वतंत्र भारतात तोच कायदा कोणत्या तत्त्वावर ठेवायचा, हा प्रश्न संविधान सभेपुढे आला.

संविधान सभेतील चर्चा

डिसेंबर १९४८ मध्ये मूलभूत हक्कांवरील चर्चेत ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क संविधानात समाविष्ट करावा, अशी दुरुस्ती मांडली. कराची ठरावाचा त्यांना आधार होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या दुरुस्तीला विरोध केला. प्रत्येक व्यक्तीला बाजारातून हवे ते हत्यार बिनदिक्कत विकत घेण्याचा हक्क असेल, तर राज्याचा कारभार चालणे अशक्य होईल, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. सभेने दुरुस्ती फेटाळली.

संविधानाच्या अंतिम मसुद्यातही हीच दृष्टी दिसते. अनुच्छेद १९(१)(ख) नागरिकांना शांततेने आणि ‘विनाशस्त्र’ एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य देतो. अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात शीख धर्मीयांचे कृपाण धारण करणे हा धर्मपालनाचा भाग मानला आहे. शस्त्राविषयी मूलभूत हक्कांच्या प्रकरणात आलेले हे दोन उल्लेख आहेत. पहिला हक्काला मर्यादा घालणारा आहे, तर दुसरा एका विशिष्ट धार्मिक चिन्हापुरता मर्यादित आहे.

कायद्याची रचना

शस्त्र अधिनियम, १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगता येत नाही. कलम ७ निषिद्ध शस्त्रांविषयी आहे. न्यायालयीन वादांत सर्वाधिक चर्चा होते ती कलम १३, १४, १७ व १८ यांची.

कलम १३ अन्वये अर्ज आल्यावर परवाना प्राधिकारी नजीकच्या पोलिस ठाण्याचा अहवाल मागवतो. या कलमात अर्जदारांचे दोन गट केलेले आहेत. स्वसंरक्षण वा क्रीडेसाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक आणि रायफल क्लबच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी लागणारे अग्निशस्त्र यांसाठी, अपात्रतेचे कारण नसल्यास, परवाना द्यावा असा कायद्याचा रोख आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर यांसारख्या इतर शस्त्रांसाठी मात्र अर्जदाराकडे ‘योग्य कारण’ आहे, अशी प्राधिकाऱ्याची खात्री व्हावी लागते.

कलम १४ मध्ये नकाराची कारणे आहेत. अर्जदार मनोविकृत वा अन्य कारणाने अपात्र असणे, किंवा सार्वजनिक शांतता व सुरक्षितता यांसाठी नकार आवश्यक असणे, ही त्यांतील प्रमुख होत. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे हे कलम स्पष्टपणे सांगते. नकाराची कारणे लेखी नोंदवणे आणि सार्वजनिक हिताला बाधा येत नसल्यास मागणीनुसार अर्जदाराला कळवणे बंधनकारक आहे. कलम १७ निलंबन व रद्द करण्याविषयी असून तेथेही लेखी कारणांची अट आहे. कलम १८ अपिलाचा मार्ग देते. शासनाने स्वतः किंवा शासनाच्या निर्देशाने दिलेल्या आदेशाविरुद्ध मात्र अपील करता येत नाही. तेव्हा उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ अन्वये रिट याचिका दाखल करणे हाच मार्ग उरतो.

हक्क की परवानगी?

शस्त्र परवाना हा हक्क आहे की राज्याने दिलेली सवलत, यावर न्यायालयांत मतभेद झाले. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८५ मध्ये कैलास नाथ प्रकरणात परवाना ही सवलत असल्याचे म्हटले. १९९३ मध्ये त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी गणेशचंद्र भट्ट प्रकरणात वेगळी भूमिका घेतली. अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात स्वसंरक्षण अंतर्भूत असून अनिषिद्ध अग्निशस्त्र बाळगणे हा त्याचाच भाग आहे, असे त्यांनी मानले. ठरावीक मुदतीत निर्णय न झाल्यास परवाना मिळाला असे समजावे, इतकी पुढची पायरीही त्या निकालाने गाठली. ही भूमिका पुढे टिकली नाही.

१३ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती के. एम. जोसेफ व न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांच्या पीठापुढे उत्तर प्रदेशातील एका जामीन अर्जाची सुनावणी होती. त्या गुन्ह्यात विनापरवाना शस्त्र वापरल्याचा आरोप होता. अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे भारतात कोणालाही शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क नाही, हे या पीठाने नमूद केले आणि विनापरवाना शस्त्रांच्या प्रसाराची स्वतःहून दखल घेतली. याच विषयात नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रत्येक राज्यात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे निर्देश देण्यात आले. गृहविभाग, पोलिस आणि शस्त्रतज्ज्ञ यांचा समितीत समावेश असावा व तिने अवैध शस्त्रांना आळा घालण्यासाठी कृती आराखडा तयार करावा, असे न्यायालयाने सांगितले.

मूलभूत हक्क नसला तरी अर्जदार पूर्णपणे निराधार ठरत नाही. समानतेचा अनुच्छेद १४ परवाना प्राधिकाऱ्यालाही लागू आहे. कायद्याने सांगितलेल्या कारणांपलीकडचे कारण देणे, कारणच न देणे किंवा म्हणणे ऐकून न घेता परवाना रद्द करणे हे मनमानीचे ठरते. एखादा गुन्हा केवळ प्रलंबित आहे म्हणून परवाना आपोआप रद्द करता येत नाही, सार्वजनिक शांततेला त्यातून कोणता धोका आहे ते आदेशात दिसले पाहिजे, असे अनेक उच्च न्यायालयांच्या निकालांत म्हटले आहे. अशा खटल्यांत न्यायालय सहसा स्वतः परवाना देत नाही. आदेश रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी त्याच प्राधिकाऱ्याकडे परत पाठवते.

कायद्याच्या तरतुदींना दिलेली आव्हाने

तरतूदच रद्द झाल्याचे सर्वांत ठळक उदाहरण कलम २७(३) चे आहे. १९८८ च्या दुरुस्तीने आलेल्या या उपकलमानुसार निषिद्ध शस्त्राच्या वापराने किंवा कलम ७ चा भंग करणाऱ्या कृतीने कोणाचा मृत्यू झाल्यास फाशी हीच एकमेव शिक्षा होती. पंजाब राज्य विरुद्ध दलबीर सिंग या खटल्यात न्यायमूर्ती अशोककुमार गांगुली आणि न्यायमूर्ती जगदीशसिंग खेहर यांनी २०१२ मध्ये ही तरतूद घटनाबाह्य ठरवली. अपघाताने झालेला मृत्यूही तिच्या कक्षेत येऊ शकत होता आणि परिस्थिती पाहून शिक्षा ठरवण्याचा न्यायाधीशाचा अधिकार तिने काढून घेतला होता. जन्मठेप भोगणाऱ्या कैद्याने केलेल्या खुनासाठी अनिवार्य फाशी सांगणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०३ याच तत्त्वावर १९८३ मध्ये मिठू खटल्यात रद्द झाले होते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातील प्रश्न महत्त्वाचा ठरला. दहशतवादी व विघटनकारी कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या (टाडा) कलम ५ नुसार अधिसूचित क्षेत्रात विशिष्ट शस्त्रे अनधिकृतपणे बाळगणे हा स्वतंत्र व गंभीर गुन्हा होता. बृहन्मुंबई असे क्षेत्र होते. संजय दत्त यांच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सप्टेंबर १९९४ मध्ये या कलमाचा अर्थ लावला. ताबा हा जाणीवपूर्वक असला पाहिजे आणि शस्त्राचा दहशतवादी कृत्याशी संबंध नव्हता हे दाखवण्याची संधी आरोपीला असली पाहिजे, असे पीठाने ठरवले. कलम रद्द न करता त्याचा अर्थ मर्यादित करण्याचा हा मार्ग होता. पुढे टाडाखालील आरोपांतून ते सुटले, परंतु शस्त्र अधिनियमाखालील दोष कायम राहिला आणि २१ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा सहा वर्षांवरून पाच वर्षांवर आणली.

कायद्यातील सूट हाही वादाचा विषय झाला. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यातील कोडव समाजाला व जम्मा जमीनधारकांना काही शस्त्रांसाठी परवान्यातून ब्रिटिश काळापासून सूट आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली. जात व जमीनधारणा यांवर आधारलेली ही सूट समानतेच्या विरुद्ध आहे, असा याचिकाकर्त्याचा दावा होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये सूट वैध ठरवली.

२०१९ ची दुरुस्ती

शस्त्र (दुरुस्ती) अधिनियम, २०१९ हा १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला. १९८३ पासून एका व्यक्तीला तीन अग्निशस्त्रे बाळगता येत होती. विधेयकाच्या मूळ मसुद्यात ही संख्या एकवर आणण्याचा प्रस्ताव होता. संसदेत चर्चेनंतर ती दोन ठरली. जादा शस्त्र जमा करण्यासाठी एक वर्षाची मुदत दिली गेली. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. विनापरवाना शस्त्र तयार करणे व विकणे यांसाठी कमाल शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढली. लग्न, मिरवणूक यांसारख्या प्रसंगी निष्काळजीपणे हवेत गोळीबार करण्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद नव्याने आली.

निवडणूक काळातील शस्त्रजमा

निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांकडून शस्त्रे जमा करून घेण्याची पद्धत जुनी आहे. सरसकट सर्वांना असा आदेश देणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाच्या निकालानंतर निवडणूक आयोगाने सप्टेंबर २००९ मध्ये सुधारित सूचना काढल्या. त्यांनुसार जिल्हादंडाधिकारी व पोलिस अधीक्षक यांची छाननी समिती प्रत्येक परवान्याचा विचार करते. जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पूर्वेतिहास असलेले आणि पूर्वी, विशेषतः निवडणूक काळात, दंगलीत सहभागी झालेले परवानाधारक यांच्याकडे समितीने प्रामुख्याने लक्ष द्यावयाचे असते.

व्यवहारात सरसकट आदेश काढणे अधिकाऱ्याला सोपे जाते. एकेक परवाना तपासण्यास वेळ लागतो. परंतु एकाकी वस्तीवरील शेतकरी, बँकेचा सुरक्षारक्षक आणि गंभीर गुन्ह्यातील आरोपी यांना एकाच मापाने मोजणे कायद्याला अपेक्षित नाही, हा या सूचनांचा गाभा आहे.

महाराष्ट्रातील अलीकडील घटना

फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगर येथे पोलिस ठाण्याच्या आतच गोळीबार झाला व त्यात एका आमदाराला अटक झाली. त्यानंतर काही दिवसांतच दहिसर येथे माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. तेथे मारेकऱ्याने आपल्या अंगरक्षकाचे परवाना असलेले शस्त्र वापरल्याचे तपासात पुढे आले. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर त्या जिल्ह्यातील परवान्यांची मोठी संख्या चर्चेत आली. प्रशासनाने फेरतपासणी करून अनेक परवाने रद्द केले. २०२५ मध्ये पुण्यातील एका अर्जदाराला पोलिस आयुक्तांनी नाकारलेला परवाना गृह राज्यमंत्र्यांनी अपिलात मंजूर केल्यावरून राजकीय वाद झाला.

या घटनांनी परवाना देतानाच्या छाननीकडे लक्ष वेधले. नाकारलेल्या परवान्यांविरुद्ध अर्जदार अपील करतो वा न्यायालयात जातो. चुकीच्या व्यक्तीला दिलेल्या परवान्याविरुद्ध मात्र सहसा कोणी जात नाही, कारण त्यातून ज्याला धोका आहे त्या व्यक्तीला तो परवाना दिला गेल्याचे ठाऊकही नसते. त्यामुळे न्यायालयांपुढे या व्यवस्थेची एकच बाजू येते. दुसरी बाजू उघड होते ती बहुधा गुन्हा घडल्यानंतर.

नाशिक जिल्ह्यातील स्थिती

नाशिक शहरासाठी पोलिस आयुक्तालय आहे. शस्त्र अधिनियमातील व्याख्येनुसार आयुक्तालयाच्या हद्दीत ‘जिल्हादंडाधिकारी’ म्हणजे पोलिस आयुक्त. म्हणून शहरातील परवाने पोलिस आयुक्त देतात, तर निफाड, सिन्नर, दिंडोरी, मालेगाव आदी ग्रामीण हद्दीतील परवाने जिल्हाधिकारी जिल्हादंडाधिकारी या नात्याने देतात. जिल्ह्यातील रिट याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या मुंबई येथील मुख्य पीठापुढे दाखल होतात.

ग्रामीण भागात पीकसंरक्षणासाठीच्या परवान्याला महत्त्व आहे. ऊस आणि द्राक्षाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर वाढल्याने शेतवस्तीवरील रहिवाशांमध्ये भीती आहे. परंतु बंदुकीचा परवाना म्हणजे वन्यप्राणी मारण्याची परवानगी नव्हे. बिबट्याला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. मानवी जीविताला धोकादायक झालेल्या बिबट्यालाही मारण्याचा आदेश केवळ मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. हे दोन कायदे वेगळे आहेत, ही बाब परवाना मागणाऱ्यांच्या अनेकदा लक्षात येत नाही.

उत्तर महाराष्ट्रासमोरचा मोठा प्रश्न विनापरवाना शस्त्रांचा आहे. जळगाव जिल्ह्याच्या सीमेला लागून मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यात असलेले उमर्टी हे गाव गावठी पिस्तुलांच्या निर्मितीसाठी पोलिस कारवायांत वारंवार समोर आले आहे. तेथील शस्त्रे राज्याच्या अनेक शहरांत पोहोचतात. ‘गावठी कट्टा’ बाळगणारा माणूस परवान्यासाठी अर्जच करत नाही. त्यामुळे परवान्याचे नियम कितीही कडक केले, तरी त्यांचा भार कायदा पाळणाऱ्यावर पडतो आणि कट्टा बाळगणाऱ्याला त्याची झळ लागत नाही.

अमेरिकेतील खटल्यांशी तुलना

अमेरिकेच्या राज्यघटनेतील १७९१ ची दुसरी दुरुस्ती शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा उल्लेख करते. तेथे बहुतेक निर्बंध राज्ये व शहरे घालतात. २००८ च्या हेलर खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क व्यक्तीचा असल्याचे ठरवून वॉशिंग्टन शहरातील पिस्तूलबंदी रद्द केली. २०१० च्या मॅकडोनाल्ड खटल्याने हा हक्क राज्यांनाही बंधनकारक केला. २३ जून २०२२ रोजी ब्रुएन खटल्यात न्यू यॉर्क राज्याचा १९१३ पासूनचा नियम रद्द झाला. घराबाहेर पिस्तूल नेण्यासाठी अर्जदाराने विशेष कारण दाखवावे, अशी त्यात अट होती. निर्बंध हा देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी सुसंगत असला पाहिजे, ही कसोटी त्या निकालाने घातली व त्यानंतर राज्यांच्या कायद्यांविरुद्ध खटल्यांची रीघ लागली. २१ जून २०२४ रोजी राहिमी खटल्यात मात्र कौटुंबिक हिंसेमुळे न्यायालयाचा प्रतिबंधक आदेश असलेल्या व्यक्तीकडून शस्त्र काढून घेणारा कायदा आठ विरुद्ध एक मतांनी वैध ठरला.

न्यू यॉर्कमध्ये जी अट घटनाबाह्य ठरली, जवळजवळ तीच अट भारताच्या कलम १३ मध्ये ‘योग्य कारण’ या शब्दांत आहे आणि ती भारतात वैध आहे. अमेरिकेत निर्बंधाचे समर्थन राज्याला करावे लागते, भारतात शस्त्राची गरज नागरिकाला पटवून द्यावी लागते.

विश्लेषण

अर्जदाराने आपली गरज सांगावी, ही अपेक्षा न्यायालयांनी रास्त मानली आहे. त्याच वेळी अधिकाऱ्याने आपले कारण सांगावे, ही अपेक्षाही त्यांनी सोडलेली नाही. भारतीय शस्त्र कायद्याचा समतोल या दोन अपेक्षांवर अवलंबून आहे. पहिली पाळली जाऊन दुसरी सुटली, तर परवाना ओळखीपाळखीचा किंवा प्रतिष्ठेचा विषय होतो. गरजू शेतकऱ्याचा अर्ज पडून राहतो आणि प्रभावी व्यक्तीचा मंजूर होतो. कलम १४ मधील मालमत्तेविषयीची तरतूद हीच शक्यता ओळखून केलेली दिसते.

शस्त्र नियम, २०१६ मध्ये पोलिस अहवालासाठी ३० दिवसांची मुदत आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाची अट आहे. मुदतीत आलेला अहवाल, लेखी कारणांसह आदेश आणि दिलेल्या परवान्यांची ठरावीक काळाने फेरतपासणी या तिन्ही गोष्टींसाठी नवा कायदा करावा लागत नाही. बीडमध्ये जी फेरतपासणी हत्येनंतर झाली, ती करण्याचा अधिकार कलम १७ अन्वये प्रशासनाकडे आधीपासूनच होता.